सही सरांची, मजकूर माझा

मरणाचं पत्र राख सावडायच्या आत पोचलं पाहिजे आणि लग्नाचं हळद लागायच्या आत. सोळा वर्षं आमदाराचा स्वीय सहायक म्हणून काढली. या कामाचं सार कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. बाकीचं काय, फोन उचलणं, साहेब आंघोळीला गेलेत असं दिवसातून आठ वेळा सांगणं, गावातली डीपी जळाली म्हणून आलेल्यांना वीज कार्यालयाचा नंबर लावून देणं, हे कोणालाही चार महिन्यांत जमतं. पत्राची वेळ मात्र साधावी लागते. चौथ्या दिवशी गेलेलं सांत्वनाचं पत्र न गेलेलं बरं, कारण तोवर घरच्यांनी कोण आलं आणि कोण आलं नाही याचा हिशेब मनात पक्का केलेला असतो.

बाहेरच्या लोकांना वाटतं, पत्र आमदार लिहितो. आमदार सही करतो, आणि पुष्कळदा तीही आधीच करून ठेवतो. अधिवेशनाला मुंबईला जायच्या आधी आमचे सर चाळीस-पन्नास कोऱ्या लेटरहेडवर उजव्या कोपऱ्यात खाली सह्या करून द्यायचे. मी ते कागद कपाटात कुलपात ठेवायचो. मग कोणी गेलं, कोणाचं लग्न निघालं, कोणाला दवाखान्यात खाट मिळत नसली, की एक कागद काढायचा आणि वर मजकूर छापायचा. यातली खरी मेख अशी, की मजकूर सहीच्या दोन बोटं वर संपला पाहिजे. मध्ये मोकळी जागा दिसली की वाचणाऱ्याला कळतं, सही आधीची आहे. म्हणून मजकूर कमी पडला तर एखादं वाक्य वाढवायचं. ‘कुटुंबीयांच्या दुःखात मी सहभागी आहे’ हे वाक्य मी अशा रिकाम्या जागांवर किती वेळा पेरलं असेल, देव जाणे.

गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक यायची. एकदा आमचा मतदारसंघ सोडून थेट तेल्हाऱ्याहून एक जण आला. बायको माहेरी रुसून बसली होती, तर आमदाराचं पत्र पाहिजे.

‘कोणाच्या नावानं?’ मी विचारलं.

‘सासऱ्याच्या. लिवा का, सदर महिलेस तातडीने नांदावयास पाठवावे.’

मी हसून लावलं परत, तर हा बाकड्यावर संध्याकाळपर्यंत बसून. शेवटी सरांनीच आत बोलावून घेतलं, अर्धा तास त्याचीच खरडपट्टी काढली आणि सासऱ्याला आपल्या हातानं चार ओळी लिहून दिल्या. बायको नांदायला आली. पुढच्या उन्हाळ्यात तो गडी जोडीनं आंब्याची पाटी घेऊन आला होता.

सर म्हणजे वामनराव गुल्हाने. मूर्तिजापूरकडच्या एका हायस्कुलात बावीस वर्षं होते, शेवटी मुख्याध्यापक. मग दोन वेळा आमदार झाले, तरी त्यांना साहेब असं कोणी म्हटलं नाही. अख्खा मतदारसंघ ‘सर’च म्हणायचा. मतदारसंघाचं नाव लिहीत नाही. अकोला आणि अमरावतीच्या मधला समजा. स्वभाव कडक, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. कोऱ्या कागदांवर सह्या करणं त्यांना मनापासून आवडायचं नाही. रविवारी दाढी करून बसायचे आणि पेनाचं टोपण काढता काढता म्हणायचे, ‘सुधाकर, हे काई बरं नाही. पोट्ट्यायच्या कोऱ्या पेपरवर मी जनमात सही केली नाही, अन इथं पन्नास पन्नास करून राहिलो.’ मी म्हणायचो, सर, लोकांची कामं अडतात. मग करायचे.

ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती आता सांगतो. इतकी वर्षं टाळली.

सीमेवर लढाई सुरू झाली त्या वर्षी सरांची दुसरी टर्म चालू होती. पहिले दोन महिने आमच्याकडेही सगळीकडे होतं तेच होतं. पानटपरीवर झेंडा, दुकानात दिवसभर टीव्ही, ऑफिसात येणारा माणूस स्वतःचं काम सांगायच्या आधी लढाईचं बोलायचा. सर गप्प होते. वर्तमानपत्रातली कात्रणं कापून वहीत चिकटवत होते. तिसऱ्या महिन्यात समोरच्या देशाकडून बोलणी करायचा निरोप आला, तो आपल्या वरच्या लोकांनी परत पाठवला. पंधरा दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा परत. त्याच सुमाराला तेच लोक निवडणुकीच्या सभांतून जवानांचे फोटो मागे लावून भाषणं करत होते. त्या दिवशी सरांनी वही मिटली आणि मला म्हणाले, ‘लढाई थांबवता येते, सुधाकर. हे थांबवून नाही राहिले, कारण यायले ती कामाची आहे.’ मी दार लोटून घेतलं. बाहेर माणसं बसली होती आणि सरकार आमच्याच पक्षाचं होतं.

मग मंगेश गेला. मंगेश उमाळे, पूर्णाकाठच्या एका गावातला. बाप पुंडलिक उमाळे दोन एकरात झेंडू, शेवंती आणि भाजी काढणारा, पहाटेच्या गाडीनं अमरावतीच्या बाजारात फुलं नेणारा. मंगेश सरांचा विद्यार्थी. फौजेत भरती होताना चारित्र्याचा दाखला सरांनीच दिला होता आणि तो टाइप मी केला होता. निवड झाल्यावर पेढे घेऊन ऑफिसात आला तेव्हा सरांनी त्याला सगळ्यांसमोर बूट कसे बांधतात ते विचारलं होतं आणि तो लाजला होता.

सकाळी नऊला निरोप आला. सर मुंबईला अधिवेशनात. मी फोन केला, बंद. निरोप पाठवून ठेवला: मंगेश उमाळे गेला. आणि कपाट उघडलं.

जवानासाठी माझ्याकडे मसुदा तयार होता, पूर्वी एकदा वापरलेला. नाव बदललं, गाव बदललं, छापायच्या आधी जुळवून पाहिलं. सहीच्या वर दोन ओळींची जागा मोकळी राहत होती. नेहमीचं वाक्य टाकावं तर ते मसुद्यात आधीच होतं. समोरच्या दुकानातल्या टीव्हीवर कोणीतरी तावातावानं बोलत होतं. ते ऐकता ऐकता मी वाक्य रचलं: ‘आपल्या खंबीर नेतृत्वाने पुकारलेल्या या न्याय्य युद्धात माझ्या विद्यार्थ्याचे रक्त सांडले, याचा मला अभिमान वाटतो.’ बरोबर दोन ओळी झाल्या. सहीच्या दोन बोटं वर. मला बरंसुद्धा वाटलं. ड्रायव्हरच्या हाती पत्र देऊन बाराच्या आत गावात पोचवलं. राख सावडायची तर गोष्टच सोडा, अजून शव आलं नव्हतं.

त्याच दुपारी विधानसभेत ठराव होता. पहिल्या परिच्छेदात शहीद जवानांना श्रद्धांजली, दुसऱ्यात नेतृत्वाचं अभिनंदन. असे ठराव एकमतानं, उभं राहून होतात, तशी पद्धतच आहे. सरांनी उठून मागणी केली की ठरावाचे दोन भाग करा. अध्यक्ष म्हणाले, ठराव एकच आहे. मग सर जे बोलले ते मी संध्याकाळी लाइट आल्यावर टीव्हीवर पाहिलं. गोंगाटात निम्मं ऐकू येत नव्हतं. जेवढं आलं ते असं: ‘अध्यक्ष महोदय, आज सकाळी माझ्या शाळेतला एक मुलगा गेल्याचा निरोप आला. त्याच्यासाठी मी दिवसभर उभा राहतो. पण ज्यांनी दोनदा आलेला निरोप परत पाठवला आणि दुसरीकडे त्याच मुलांच्या फोटोवर मतं मागितली, त्यांच्या अभिनंदनासाठी मी उभा राहणार नाही.’ अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, असं अध्यक्ष म्हणाले तेव्हा सभागृह दणाणलं. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, म्हटल्यावर एकच आवाज आला. तो मी हजारात ओळखला असता.

टीव्ही बघतानाच मला सकाळचं वाक्य आठवलं. तेवढ्यात सरांचा फोन.

‘सुधाकर, पुंडलिककडे जाऊन ये. अन हे पाह्य, पत्र-बित्र काई पाठवू नको. मंगेशचं मी माह्या हातानं लिहीन.’

‘बरं सर,’ मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. तेव्हा खरं सांगितलं असतं तर ड्रायव्हर पाठवून पत्र परत आणता आलं असतं. पण मला वाटलं, एक कागद तो काय, बाप अडाणी, दुःखात कोण वाचत बसतं.

सर दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्तिजापूरला गाडीतून उतरले ते काळे झेंडे आणि घोषणा यांच्यातच. अंत्यविधीला मंत्री आले होते. सरांना चौथऱ्याजवळ जाऊ दिलं नाही. बंदोबस्त कमी आहे, सर, तुम्ही मागं थांबा, असं पोलिसांनी हात जोडून सांगितलं. ते मागे झेंडूच्या टोपल्यांपाशी हार ओवणाऱ्यांत उभे राहिले. त्या टोपल्या पुंडलिकच्याच मळ्यातल्या होत्या. ऑफिसच्या पाटीवर कोणी तरी डांबर फासलं. तिथून तेरवीपर्यंत सर घरात बसून मंगेशच्या बापाला पत्र लिहीत होते. लिहायचे, फाडायचे. एवढी वर्षं हातानं उत्तरपत्रिका तपासलेला माणूस, पण ते पत्र त्यांना पुरं होत नव्हतं.

तेराव्या दिवशी सकाळी पक्षाचे तालुकाध्यक्ष राजूभाऊ सरांच्या घरी आले. मी तिथेच होतो. राजूभाऊ एकदम मोकळे, हसतमुख.

‘सर, काय पत्र लिवलं तुमी! पुंडलिकनं लॅमिनेशन करून पोराच्या फोटोखाली लावलं ना! येणाऱ्या-जाणाऱ्याले वाचाले लावते.’

‘कोणतं पत्र?’ सर म्हणाले.

राजूभाऊंनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. सरांनी चष्मा लावला आणि सगळं वाचलं. मी भिंतीकडे पाहत होतो.

‘आज तेरवीच्या सभेत मी हे वाचतो,’ राजूभाऊ सांगत होते. ‘सांगतो का, सभागृहात सरचा तोल गेला, पण मन हे असं आहे. वरच्यायसंग बोलून झालं. तुमी काईच बोलू नका. फक्त बसून राहा. प्रकरण मिटलं, तिकीट पक्कं.’

ते गेल्यावर सरांनी चष्मा काढून घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘दोन ओळी कमी पडत होत्या काय?’

‘हो सर.’

बस. शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती तर मी आज असा लिहीत बसलो नसतो. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, सर, आजच्या दिवस गप्प राहा, राजूभाऊ म्हणतात ते काही खोटं नाही, सही तर तुमचीच आहे. त्यावर ते उठले आणि धोतर सावरत म्हणाले, ‘तिथं एवढ्या लोकायपुढं नाही म्हणलो, अन इथं पुंडलिकपुढं हो म्हणू काय?’

शाळेच्या पटांगणात मांडव होता. तेरवीची जेवणं झाली होती. पुढे खुर्चीवर पुंडलिक, बाजूला सतरंजीवर बायांमध्ये मंगेशची आई गोपिकाबाई. मी तिसऱ्या रांगेत, मांडीवर ऑफिसची बॅग. राजूभाऊंनी पत्र वाचलं, चांगलं घोळवून वाचलं. माझ्या वाक्यावर टाळ्या पडल्या. एखाद्या लेखकाला आपल्या वाक्यावर टाळ्या ऐकून काय वाटतं मला माहीत नाही; मी बॅगेची चेन उघडली आणि परत लावली. त्या टाळ्यांमध्येच सर उभे राहिले.

‘पुंडलिक,’ ते म्हणाले. माइक नव्हता, गरजही नव्हती. ‘त्या कागदावर सही माही आहे. मजकूर माहा नाही. मी कोऱ्या कागदावर सही करून मोकळा झालो होतो, ही माही चूक. मंगेश गेला याचा मले अभिमान नाही वाटत. मले दुःख आहे. अन ज्यायले हे थांबवता येत होतं अन ज्यायनं थांबवलं नाही, त्यायचा मले राग आहे. मी तिथं जे बोललो तेच खरं.’

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग मागून एक जण ओरडला, ‘मंग मजकूर कोनाचा? नाव सांगा!’

‘नाव सांगा, नाव सांगा,’ मांडव उठला.

सरांची नजर मांडवावरून फिरली. तिसऱ्या रांगेवरूनही फिरली, पण थांबली नाही. ‘सही माही आहे ना? मंग नाव बी माहंच लिवा,’ ते म्हणाले.

मी उठायला पाहिजे होतं. दोन पावलं पुढे जाऊन, मी लिहिलं, असं म्हणायला पाहिजे होतं. एवढंच वाक्य. माझी बॅग मांडीवरून घसरली तर मी ती वाकून उचलली आणि पुन्हा घट्ट धरून बसलो.

मग पुंडलिक उठला. तो ओरडला नाही. माणसं गप्प झाली तेव्हा त्याचं बोलणं ऐकू आलं. ‘सर, मंग मी बारा दिवस काय वाचून राहिलो होतो?’

 खिशात हात घालून सर कसला तरी कागद काढायला लागले, पण तेवढ्यात खुर्च्या उडाल्या. पोलिसांनी त्यांना कडं करून बाहेर नेलं. गाडीची मागची काच फुटली. त्या काचा झटकत मी त्यांच्या शेजारी बसलो.

लढाई पुढे दीड महिन्यानं थांबली. ज्या अटींवर थांबली त्या, सरांच्या वहीतल्या कात्रणांत होत्या त्याच. त्याबद्दल कोणी ठराव केला नाही. सरांना तिकीट मिळालं नाही. अपक्ष उभे राहिले आणि पार धुव्वा उडाला. निवडून आले राजूभाऊ. त्यांनी मला बोलावणं पाठवलं, ‘सुधाकरभाऊ, कपाट तुमच्याच हाती ठेवा.’ मी गेलो. मुलीचं कॉलेज होतं, वय झालेलं होतं, अशी कारणं त्या वेळी पुष्कळ होती. सहा वर्षं मी त्यांच्या कोऱ्या सह्यांवर मजकूर छापले. सर रस्त्यात भेटले की ‘काय सुधाकर, बरं आहे ना?’ एवढं विचारायचे आणि माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायचे. तो विषय त्यांनी कधी काढला नाही, मलाही धीर झाला नाही.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका दवाखान्यात सर गेले. राजूभाऊ मुंबईला होते. त्यांच्या सहीवर सरांच्या पत्नीच्या, काकूंच्या नावानं सांत्वनाचं पत्र मीच छापलं. तेवढ्या एका पत्रात मजकूर कमी पडला नाही, उलट काटछाट करावी लागली. दुसऱ्या महिन्यात मी नोकरी सोडली आणि एका सकाळी पुंडलिकच्या गावाची बस धरली.

पुंडलिक मळ्यात झेंडू तोडत होता. थकला होता. मला ओळखलं, बांधावर बसायला पोतं टाकलं. मी वळणं न घेता सांगितलं की त्या पत्रातला मजकूर माझा होता, ते वाक्यही माझं होतं. त्याचे हात थांबले नाहीत.

‘सरले लय डाव इचारलं म्या,’ तो म्हणाला. ‘त्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आलते, एस्टीनं, एकटेच. म्या दार नाई उघडलं. पुन्हा आले, तईबी नाई. तिसऱ्या डावानं गोपिका उठली अन म्हणे, मास्तर उन्हात उभे हायेत. मंग आले आत. हातानं लिवलेली चिठ्ठी देली. मंग दर महिन्याले येत गेले, मरेपर्यंत. पन तुमचं नाव नाई सांगतलं.’

त्या चिठ्ठीत काय होतं, मी विचारलं नाही. सरांची सगळी पत्रं माझ्या हातून गेली होती, हे एक सोडून. ते पुंडलिकनं दाखवलं नाही आणि तो हक्क मला नव्हता.

घरी नेऊन त्यानं चहा पाजला. भिंतीवर मंगेशचा गणवेशातला फोटो होता, खाली काही नव्हतं. गोपिकाबाई कप ठेवून आत गेल्या त्या परत आल्या नाहीत. पुंडलिक कणगीमागे वाकला आणि धूळ बसलेलं एक लॅमिनेशन केलेलं पत्र काढलं, धोतराला पुसलं.

‘पोराचं नाव हाये म्हून फेकवत नव्हतं,’ तो म्हणाला. ‘आता लिवणारा भेटला. तुमचं हाये, तुमी घेऊन जा.’

मी ते घेतलं. दारापर्यंत आलो तेव्हा त्यानं मागून विचारलं, ‘त्या दिवशी मांडवात होते ना तुमी? काहून नाई उठले?’

 भीती वाटली, एवढं म्हणालो.

‘सर एकटेच उभे होते,’ पुंडलिक म्हणाला. ‘तुमी उठले असते तं दोघं झाले असते.’

बसची वाट पाहत मी फाट्यावर तासभर उभा होतो. घरी आल्यावर ते पत्र फाडून टाकायला घेतलं. खाली सरांची सही होती आणि वर दोन बोटं सोडून माझं वाक्य. लॅमिनेशन केलेला कागद हातानं फाटत नाही.